कुत्रं बसलं ते घर

माझी मुलगी पुण्याला असते. बाप रिटायर झालाय आणि घरात बसून आईचं डोकं खातो, म्हणून तिनं यंदा मला एक डिटेक्टिव्ह कादंबरी पाठवून दिली. मालिकेतलं कितवंसं पुस्तक आहे. आधीच्या सगळ्या पुस्तकांची नावं मागच्या पानावर छापलीत. त्यावरून हा डिटेक्टिव्ह आजपर्यंत एकदाही हरलेला दिसत नाही. त्याच्याजवळ ब्रूनो नावाचं कुत्रं आहे. "बाबा, तुमच्याच धंद्यातलं आहे, आवडेल तुम्हाला," असं ती फोनवर म्हणाली.

पोलीस खात्यातली माझी जवळजवळ सगळी नोकरी श्वानपथकात गेली. हुबळी-धारवाडात मला पवार म्हणून ओळखणारे थोडे, 'नायी पवार' म्हणून ओळखणारे जास्त. नायी म्हणजे कन्नडमध्ये कुत्रं. एका हवालदारानं तर मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव तसंच घातलं होतं. मला त्याचा राग आला नाही. माणसांच्या हाताखाली नोकरी काढलेले माझे बॅचवाले बघितले की आपलंच बरं झालं असं वाटतं.

तर पुस्तक. पहिल्या प्रकरणात खून होतो, दुसऱ्यात ब्रूनो येतो आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं. खून होऊन दोन दिवस उलटलेत. मध्ये धो धो पाऊस पडून गेलाय. मयताच्या घरात सगळं गाव येऊन रडून गेलंय. आणि हे ब्रूनो महाराज एक रुमाल हुंगतात आणि भर बाजारातून, बसस्टँडवरून, रेल्वेचे रूळ ओलांडून सरळ संशयिताच्या बंगल्याकडं निघतात. मी मोठ्यानं म्हटलं, "डोंबल तुझं." बायको आतून म्हणाली, "तुम्हाला गोष्ट वाचायची आहे की पंचनामा करायचाय? एवढं चिडायचं तर वाचता कशाला?"

"शेवटी कोण निघतो ते बघायचंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोला, पुस्तक हातातून सुटत नव्हतं.

आता बाहेरच्या माणसाला आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. माणूस जिथं हात लावतो, पाय ठेवतो, तिथं त्याचा वास राहतो. तो वास कुत्र्याला द्यायचा आणि त्याच्या मागं पट्टा धरून चालायचं. वास ताजा असेल, जागा तुडवलेली नसेल, ऊन-पाऊस फार नसेल, तर कुत्रं माग काढतं. पण आपल्याकडं चोरी झाली की पहिलं काय होतं? शेजारीपाजारी घरात शिरतात. कपाटाला प्रत्येकजण हात लावून "इथूनच काढलं बघा" असं म्हणतो. घरची अक्का तोपर्यंत झाडून घेते, कारण पोलीस यायचे तर घर स्वच्छ नको का. मग आम्ही पोचतो आणि कुत्र्यानं चोर काढून द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट, कुत्रं एकाच्या हातचं. त्याला खायला मी घालणार, आंघोळ मी घालणार, आजारी पडलं तर त्याच्याजवळ मी झोपणार. दुसऱ्या कुणी साधा तुकडा पुढं केला तरी त्यानं तोंड फिरवायला पाहिजे. काम झालं की पाठीवर थाप, आणि बक्षीस म्हणून खेळायला चेंडू, तोही जीपमध्ये परत आल्यावर. माग संपला त्या जागेवर काही द्यायचं नाही. तिथं दिलं तर ती जागाच त्याच्या डोक्यात बसते. ब्रूनोला त्या पुस्तकात पानापानाला कुणीतरी केक भरवतं.

आणि लोकांना खरं तर कुत्र्याचं नाक नकोच असतं, त्याची भीती पाहिजे असते. दुर्गदबैलच्या बाजारातला एक कापडवाला शेठजी दर दोन-चार महिन्यांनी आमच्या ऑफिसात यायचा. "पवार अण्णा, चोरी तशी काही नाही. नुसतं एकदा दुकानातून फिरवून न्या. नोकर सरळ राहतात." मी म्हणायचो, सरकारी कुत्रं आहे, वरात नाही. तो चहा पाजून जायचा आणि पुन्हा यायचा. अमरगोळच्या मार्केट यार्डात एकदा मिरचीची पोती गेली होती. आमची जीप थांबली, मी मागचं दार उघडलं, आमची तारा अजून खाली उतरली पण नव्हती, तोवर एक हमाल येऊन माझ्या पायाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'ताराने लावला छडा'. मिरचीच्या यार्डात तिला शिंकण्यापलीकडं काहीही सुचलं नसतं, पण ते कुणाला सांगणार? त्या दिवशी मीही हसलो होतो आणि कात्रण घरी नेऊन बायकोला दाखवलं होतं.

तारा म्हणजे डॉबरमन, काळी, अंगानं बारीक, स्वभावानं माझ्या बायकोपेक्षा कडक. तिच्यासारखं कुत्रं माझ्या हाताखाली परत आलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, आणि पुढचं जे सांगणार आहे त्यात तिचा काडीचा दोष नाही हेही आधीच सांगून ठेवतो.

पुस्तकात शेवटाकडं ब्रूनो एका डॉक्टरच्या दारात जाऊन बसतो. सगळं गाव जमलेलं असतं. डॉक्टर म्हणतो, माझा काही संबंध नाही. डिटेक्टिव्ह सिगरेट पेटवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, माणसं खोटं बोलतात. कुत्रा कधीच खोटं बोलत नाही." आणि डॉक्टर मटकन खाली बसून कबूल करतो.

मी पुस्तक मिटून ठेवलं. बायकोनं विचारलं, संपलं का? मी म्हटलं, नाही. तिनं पुस्तक उचलून फळीवर ठेवून दिलं. तिला उणकलचं माहीत आहे.

हुबळीतल्या उणकलला तेव्हा तळ्याच्या अंगाला नवीन घरं होत होती. एका गल्लीत एक रिटायर्ड इंजिनिअर राहायचे. त्यांच्या मुलाच्या लग्नाचे दागिने कपाटातून गेले. मला बोलावणं आलं. कपाटाच्या मुठीवर फडकं फिरवून मी ताराला वास दिला. ती कपाटाभोवती घुटमळली, मागच्या दारानं बाहेर आली, कंपाउंडच्या फटीतून निघाली आणि गल्लीच्या टोकाच्या घरासमोर जाऊन पायरीवर बसली. ते घर यशवंत कांबळ्यांचं. कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होते. बायको सुमनअक्का, कॉलेजात जाणारा मुलगा अमोल आणि शाळेतली मुलगी प्रज्ञा. त्या गल्लीत बौद्ध घर तेवढं एकच होतं. त्यामुळं तारा बसल्यावर गल्लीला आश्चर्य वाटलं नाही. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं.

आता ताराचं म्हणणं काय होतं? कपाटाच्या मुठीवर ज्या माणसाचा वास आहे तो माणूस या घरात राहतो, एवढंच. तो चोर आहे असं ती म्हणाली नाही. तिला चोर हा शब्दच माहीत नाही. कांबळे हात जोडून सांगत होते, "साहेब, काल यांच्या घराला रंग दिला तेव्हा कपाट सरकवायला मलाच बोलावलं होतं. मूठ धरूनच ओढलंय मी ते, आणि मागच्या दारानंच घरी गेलो." मी इंजिनिअरसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "असेल, आठवत नाही." पुढं त्यांना आठवलं. त्या दिवशी आठवलं नाही.

आमचे त्या वेळचे साहेब मात्र खूश. बरोबर पेपरवाला होता. साहेबांनी समोरच्या दुकानातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मागवला. मी म्हटलं, "सर, इथं नको, तिला बाहेरचं चालत नाही." ते म्हणाले, "पवार, एक दिवस काही होत नाही." त्यांनी मला तिला हुकूम द्यायला लावला, खा म्हणून. कांबळ्यांच्या पायरीवर बसवून, डोक्यावर हात फिरवत, आख्खा पुडा साहेबांनी स्वतःच्या हातानं भरवला आणि फोटो काढून घेतला. जन्मात बिस्कीट न मिळालेलं कुत्रं ते. मी बाजूला पट्टा धरून उभा होतो. फोटोत माझा फक्त हात आलाय.

कांबळ्यांना ठाण्यावर नेलं. तिथं काय झालं ते मला माहीत आहे, लिहीत नाही. काही सापडलं नाही, सोडून दिलं. कुत्र्याच्या माग काढण्यावर कोर्टात कुणाला शिक्षा होत नाही, त्याला दुसरा पुरावा लागतो. पण गल्लीला पुरावा लागत नाही. दूधवाल्यानं त्यांच्याकडं दूध घालणं सोडलं. हळदीकुंकवाला सुमनअक्कांना आधीही बोलवत नव्हते, आता प्रज्ञाचं गल्लीतलं खेळणंही बंद झालं. कॉलेजात प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या.

काही महिन्यांनी घरफोड्यांची एक टोळी बेळगावकडं सापडली. त्यांच्याकडं उणकलचे दागिने मिळाले. इंजिनिअरांच्या मंडळींनी पाटल्या ओळखल्या. केस संपली. पेपरात चार ओळी आल्या, फोटो नाही. गल्लीत कुणी जमलं नाही. जमायला तिथं होतं काय? चोर बेळगावला, दागिने कोर्टात.

मग एक दिवस कांबळे आमच्या ऑफिसात आले. मी ताराला ब्रश करत होतो. लांबच उभे राहिले. म्हणाले, "पवार साहेब, एक मागणं आहे. हिला परत आमच्या गल्लीत आणा."

मला कळेना. "कशाला?"

"सगळ्यांसमोर माझ्या दारावरून पुढं न्या. बसायची नाही. आता खरा चोर सापडलाय, आता कशाला बसेल? लोकांनी बघितलं की संपलं."

"अहो कांबळे, चोर सापडलेत. कागद आहे. कागद घेऊन मी येतो, कन्नडमधून वाचून दाखवतो सगळ्यांना."

"कागदावर कोण विश्वास ठेवतो, साहेब? म्हणतात, पोलिसांना पैसे चारले असतील. कुत्र्याला कोण चारणार?"

मी कपाळाला हात लावला. मग त्यांना खाली बसवून सगळं समजावलं. तिला तिथं बिस्किटं मिळालीत. त्या पायरीवर. उणकलच्या रस्त्यानं जीप गेली तरी ही मान वर करते. ती तिथं नेली तर बसणारच, चोरासाठी नाही, बिस्किटासाठी. हवं तर दुसरं कुत्रं आणतो, आमच्याकडं आहे. कांबळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दुसरं आणलं तर म्हणतील, दुसरं आणलं." आणि जाता जाता म्हणाले, "तुमची इच्छा नाही असं दिसतंय."

ते तिथून नवीन साहेबांकडं गेले. साहेब तरुण होते, मनानं चांगले. त्यांना पटलं. लोकांचा खात्यावरचा विश्वास वाढेल म्हणाले. मी बिस्किटांचं सांगितलं, तर म्हणाले, "पट्टा तुमच्या हातात आहे ना, पवार? मग धरा नीट." वरिष्ठांना कुत्रं कळत नाही आणि पट्टाही कळत नाही. चांगला साहेब वाईट साहेबापेक्षा जास्त नुकसान करू शकतो हे मी त्या दिवशी शिकलो.

रविवारी सकाळी गेलो. गल्ली भरली होती. गच्चीवर बायका, कंपाउंडवर पोरं. कांबळे दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. शेजारी सुमनअक्का आणि दोन्ही मुलं, जणू फोटो काढायचाय. मी ताराला पलीकडच्या कडेनं घेतलं, पट्टा आखूड धरला, जवळून चालण्याचा हुकूम दिला. निम्मी गल्ली ती शहाण्यासारखी चालली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात तिनं मान वळवली आणि मला ओढत नेलं. मी पट्टा ओढला, तिनं ऐकलं नाही. नोकरीभर न ऐकण्याची तिची ती एकच वेळ. ती पायरीवर जाऊन बसली, नीट ताठ, आणि शेपूट हलवत कांबळ्यांच्या हाताकडं बघायला लागली.

मग गच्चीवरून एक म्हातारी म्हणाली, "नोड्री, मत्त अल्ले कूंतु." बघा, परत तिथंच बसलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "पोलीस ओढत होता की पट्टा. बघितलं ना? पैसे खाल्लेत त्यानं." मी ओरडून सांगितलं, मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं. बिस्कीट म्हटल्यावर लोक हसले. तिथं पहिल्या दिवशी फोटो बघायला हीच माणसं उभी होती, त्यांच्या डोळ्यांदेखत साहेबांनी पुडा फोडला होता. एकालाही आठवला नाही.

कांबळ्यांनी ताराकडं बघितलं, मग वळून घरच्यांकडं बघितलं. तेव्हा मला वाटलं, ते बायको-मुलांना आत जा म्हणताहेत. त्या बघण्याचा अर्थ मला आत्ता, धारवाडला जाऊन आल्यावर कळला.

वर्षाच्या आत त्यांनी घर विकलं आणि धारवाडला भाड्यानं गेले. तारा पुढं म्हातारी होऊन वारली. तिला आम्ही सलामी देऊन पुरलं. कांबळ्यांना मी परत भेटलो नाही. काय तोंडानं भेटणार आणि भेटून करणार काय, असं म्हणत वर्षं गेली.

पुस्तक मिटलं त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. बायको म्हणाली, "त्या पुस्तकवाल्याला शिव्या देऊन काय मिळणार? जाऊन तरी या." त्यांची प्रज्ञा धारवाडला हायस्कुलात शिकवते हे मला ठाऊक होतं. घर शोधायला त्रास पडला नाही.

प्रज्ञानं दार उघडलं. मला ओळखलं, पण आत घ्यायला जरा वेळ लावला. सुमनअक्का गेल्या होत्या, भिंतीवर फोटो होता. कांबळे खाटेवर बसले होते, कान शाबूत, डोळे अधू. माझा आवाज ओळखून उठायला लागले. मी म्हटलं, बसा अण्णा. अमोल कुठं असतो विचारलं तर प्रज्ञा म्हणाली, "दादा आमच्याकडं येत नाही. उणकल सोडलं तेव्हाच गेला." एवढं बोलून चहा टाकायला आत गेली.

मी बोलायला सुरुवात केली. बिस्किटांचं परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती पायरी, तो पुडा, कुत्र्याच्या डोक्यात जागा कशी बसते. कांबळे मान हलवत होते. शाळेतल्या मुलाचं ऐकावं तसं, प्रेमानं, मध्ये न बोलता.

माझं संपलं तसं त्यांनी स्वयंपाकघराकडं एकदा कान दिला. मग माझं मनगट धरून मला जवळ ओढलं.

"साहेब, आता तुम्ही रिटायर आहात. मीही चाललोय. आता खरं सांगा. माझा अमोल होता का त्या टोळीत?"

मी म्हटलं, "नव्हता. शपथ घेऊन सांगतो, अण्णा. त्याचा कशाशी काही संबंध नव्हता."

"मी त्याला लई विचारलं. मारलंसुद्धा. शेवटी गेला घरातून." त्यांनी मनगट सोडलं नाही. "पण दोन वेळा बसलं की हो ते. दुसऱ्यांदा तर मी कशालाच हात लावला नव्हता. मग घरातलंच कोण तरी असणार."

"दुसऱ्यांदा ती बिस्किटासाठी बसली."

कांबळ्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

"तुम्ही चांगले आहात," ते म्हणाले. "म्हणून खरं सांगत नाही."